वहिनीची दहा बोटं

माझी वहिनी कुणाकडे पाहुणी म्हणून गेली की आधी त्या घराचा पाण्याचा मीटर बघते, मग मुलाबाळांची चौकशी करते. बावीस वर्षं तिने पाणीखात्यात मीटर वाचले. दाराबाहेरचं लोखंडी झाकण उचलायचं, खाली वाकायचं, काचेवरची माती बोटाने पुसायची आणि आकडा टिपायचा. त्या नोकरीने तिची पाठ कायमची थोडी वाकली आणि जीभ कायमची सरळ झाली. कुणाचा नळ ठिबकत असला तर ती घरच्या माणसाला सगळ्यांदेखत झापते. त्यामुळे तिला लग्नकार्यात बोलावताना लोक जरा विचार करतात.

मी तिचा धाकटा दीर. वह्या-पुस्तकं बांधायचं माझं छोटं दुकान आहे. नव्या यंत्रांवर माझा राग आहे, कारण त्यांनी माझं अर्धं गिऱ्हाईक पळवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या कुचकटपणातलं किती सोडून द्यायचं ते वाचणाऱ्याला ठरवता येईल.

वहिनी निवृत्त झाली आणि घरी बसून तिने पहिल्या महिन्यात आमच्या दादाचं जगणं मुश्कील केलं. दादा दाढी करताना नळ सुरू ठेवतो. पस्तीस वर्षं संसार केल्यावर हे तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या महिन्यात रंगाऱ्यांच्या संघातून माणूस पाणी मोजायच्या कामासाठी तिला बोलवायला आला आणि दादाने सुटकेचा निःश्वास सोडला.

रंगाऱ्यांची गल्ली आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. एकाला एक लागून बारा कारखाने. कारखाना म्हणायचं ते मान देऊन. एक पत्र्याची शेड, त्यात चार-पाच हौद, वर सूत वाळत घालायचे बांबू, आणि जमिनीवर कायमचा ओलसर चिखल. गल्लीच्या मागून ओढा वाहतो. पूर्वी गल्लीत लाल काम निघालं की ओढा लाल, पिवळं निघालं की पिवळा. खालच्या अंगाच्या वस्तीतले लोक ओढ्याकडे बघून सांगायचे, यंदा बाजारात कुठला रंग चालतोय. पुढे लांबच्या खरेदीदारांनी अट घातली, की सूत रंगवताना पाणी स्वच्छ करून सोडलं याचा पुरावा असेल तरच माल घेऊ. पुरावा म्हणजे कागद नको, कारण कागदावर वाटेल ते लिहिता येतं. पुरावा ब्लॉकचेनवर हवा.

ब्लॉकचेन म्हणजे काय, हे संघाच्या माणसाने बारा रंगाऱ्यांना दोन तास पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं. मग वहिनी उभी राहिली. ती म्हणाली, "समजा, शंभर घरांत एकेक वही आहे. तुम्ही तुमच्या वहीत एक ओळ लिहिली की तीच ओळ त्याच क्षणी शंभरही वह्यांत उमटते. उद्या तुम्ही तुमची ओळ खोडलीत, तर बाकीच्या नव्व्याण्णव वह्या सांगतात, की हा माणूस खोडतोय. म्हणून खोडता येत नाही. चुकलंच तर खाली दुसरी ओळ लिहायची, की वरचं चुकलं." एका रंगाऱ्याने विचारलं, "म्हणजे बायकोची आठवण?" सगळे हसले आणि त्या दिवसापासून गल्लीत त्या प्रकाराला 'साखळी' आणि वहिनीला 'साखळीबाई' असं नाव पडलं. संघाने तिला सहायक म्हणून नेमलं. छोट्या कारखानदारांना साखळीवर आणायचं आणि टिकवायचं, हे तिचं काम.

ते काम तिला उत्तम जमलं. दर कारखान्यामागे गाळ बसवायची टाकी बांधली गेली, तिला येणाऱ्या पाण्याचा एक मीटर आणि जाणाऱ्याचा एक. पाणी आंबट आहे की खारं, हे सांगणारी कागदाची पट्टी असते. ती पाण्यात बुडवली की रंग बदलते आणि तो रंग तक्त्याशी ताडून आकडा लिहायचा. इथे सुरुवातीला घोडं अडलं. रंगाऱ्यांना पट्टी वाचायला सांगणं म्हणजे आचाऱ्यांना एकमेकांचं जेवण चाखायला सांगणं. "हा हिरवा नाही, पोपटी आहे." "पोपटी कसला, यात पिवळा मोप आहे." तक्त्यावरच्या सातव्या चौकोनाचा रंग मुळातच चुकीचा छापलाय, यावर मात्र बाराही जणांचं एकमत झालं. वहिनीने शेवटी पट्टी स्वतःच वाचायला सुरुवात केली, कारण तिला रंगातलं काही कळत नव्हतं.

पण खरी गोची झाली ती सहीची. साखळीवर रोजची नोंद मालकाने स्वतः करायची, तीही पाणी ओढ्यात सोडायच्या आधी. मालकच आहे हे ओळखायला आधी सहा आकडी गुप्त क्रमांक दिले होते. चार दिवसांत बाराही क्रमांक आपापल्या दाराशेजारच्या भिंतीवर खडूने लिहिलेले सापडले, गॅसवाल्याच्या फोन नंबरखाली. संघाने कपाळावर हात मारला आणि बोटाचा ठसा घ्यायचं ठरवलं. काचेचं छोटं यंत्र, त्यावर बोट टेकवायचं. मालकाचं बोट मालकाकडेच राहणार.

आता रंगाऱ्याचं बोट कधी जवळून पाहिलंय का? तीस-तीस वर्षं सोड्यात, चुन्यात आणि ब्लीचमध्ये बुडालेलं. टोकावर रेषा नावालाही नसतात. नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत. यंत्र म्हणे, 'पुन्हा प्रयत्न करा.' बोटं गरम पाण्याने धुतली, तेल लावलं, कापडाने घासली. 'पुन्हा प्रयत्न करा.' बारांपैकी दोघांचीच बोटं उमटली. एक गल्लीचा अध्यक्ष, ज्याला सगळे 'खुर्चीवाले' म्हणतात, कारण तो वीस वर्षांत खुर्चीवरून उठून हौदापर्यंत गेलेला नाही. दुसरा सहा महिन्यांपूर्वी धंद्यात आलेला. थोडक्यात, ज्यांनी रंगात हात घातला नाही त्यांनाच यंत्राने रंगारी मानलं. उरलेल्या दहांनी दोन आठवडे हात कोरडे ठेवावेत, मग ठसे उमटतील, असा सल्ला संघातून आला. तो सल्ला ऐकून निळेकाका म्हणाले, "आणि सूत कशाने बुडवू, पायाने?"

निळेकाकांची ओळख इथेच करून देतो. गल्लीतले सगळ्यात वयस्क रंगारी. फक्त निळा रंगवतात. नीळ मुरवून, हळूहळू, एका लडीला आठ-नऊ बुड्या देऊन. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे आहेत आणि धुऊन जायच्या पलीकडचे आहेत. बायको गेलेली, मूलबाळ नाही. बोलणं कमी. त्यांचा निळा घेणारा खरेदीदार एकच होता, लांबचा, आणि साखळीची अट सगळ्यात आधी त्यानेच घातली होती. गल्लीत टाकी पहिल्यांदा बांधली ती काकांनीच. बाकीचे टाकी म्हणजे डोक्याला ताप म्हणत होते, तेव्हा काका तिच्या कडेला उकिडवे बसून वरचं नितळ पाणी बघत बसायचे.

संघाचा माणूस ठशाचं यंत्र वहिनीकडे ठेवून गेला. जाताना म्हणाला, "उद्यापर्यंत सगळ्यांची बोटं चढवून ठेवा. नाहीतर गल्लीचा अर्ज रद्द होतो." असं सांगणं सोपं असतं, तो गाडीत बसून निघून गेला. संध्याकाळी वहिनी आमच्या जेवणाच्या टेबलापाशी यंत्र घेऊन बसली. मीही तिथेच होतो. तिने यंत्रात पहिल्या कारखान्याचं नाव काढलं, थोडा वेळ काचेकडे बघितलं आणि स्वतःचा उजवा अंगठा टेकवला. यंत्राने हिरवा दिवा दाखवला. मग दुसरा कारखाना, उजव्या हाताची तर्जनी. प्रत्येक बोटाचा ठसा वेगळा असतो, त्यामुळे यंत्राला शंका यायचं कारण नव्हतं. दहा कारखाने, दहा बोटं. डाव्या हाताचं मधलं बोट निळेकाकांच्या वाट्याला आलं.

"तात्पुरतं आहे," ती म्हणाली. "आकडे तर मी खरेच लिहिणार आहे ना? बोट कुणाचं, याने पाण्याला काय फरक पडतो?"

दादा म्हणाला, "अगं, पण हे बरोबर आहे का?"

"तू नळ बंद करायला शीक आधी," ती म्हणाली. मी हसलो.

ते तात्पुरतं दोन वर्षं चाललं.

रोज सकाळी सातला वहिनी निघायची. पहिल्या कारखान्यात मीटर, पट्टी, बाटलीत नमुना, मग उजवा अंगठा. दुसऱ्यात पुन्हा तेच, मग तर्जनी. कुठलं बोट कुणाचं याची यादी तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. मसाल्याचे डबे काढताना मला दिसायची. दहा मालकांना कशाचाच त्रास नव्हता, त्यामुळे दहाही मालक खूश. तिला बरं नसलं तर गल्ली चिंतेत पडायची आणि तिच्याआधी दाराशी काढा हजर व्हायचा. गल्ली तिच्या बोटांवर चालते, असं लोक म्हणायचे आणि ते किती खरं आहे हे दहा-बारा जणांनाच माहीत होतं.

एक मात्र मी माझा कुचकटपणा बाजूला ठेवून सांगतो. ओढा सुधारला. मी स्वतः जाऊन बघितला. पाण्याला पाण्याचा रंग आला होता. खालच्या वस्तीतल्या बायका पुन्हा तिथे चटया धुवायला लागल्या होत्या. टाकी साफ केली नसेल तर वहिनी बोट टेकवायची नाही. "आज तुमची सही होणार नाही," म्हणून निघून जायची. मालक मागून धावत यायचा, टाकी उपसायचा, मग सही व्हायची. एखाद्या मालकाने स्वतःच्या बोटाने इतकी कडक सही केली असती असं मला वाटत नाही.

मग एका सकाळी एका कारखान्यात टाकीचं लोखंडी झाकण उचलताना ते वहिनीच्या हातातून निसटलं आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटावर पडलं. नख गेलं, टोकाचं कातडं गेलं. डॉक्टरांनी टाके घातले, भलं मोठं बँडेज बांधलं आणि महिनाभर पाण्यापासून लांब राहायला सांगितलं. वहिनीला पाण्यापासून लांब राहा सांगणारा डॉक्टर नवीन असणार.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत ती दुखण्याबद्दल बोलली नाही. दारात चपला काढताना म्हणाली, "भावजी, हे काकांचं बोट."

साखळीचा नियम असा होता, की तीन दिवस नोंद नसली तर कारखान्याच्या नावापुढे पिवळी खूण येते. सात दिवस नसली तर तपासनीस येतो आणि माल अडकतो. नवीन बोट चढवायचं असेल तर तेही आता तपासनिसासमोरच. आणि काकांचा त्या महिन्याचा माल बांधून तयार होता. तो गेला नाही तर खरेदीदार जाणार आणि काकांच्या निळ्याला दुसरा खरेदीदार नव्हता. त्यांच्या वयाचा माणूस नवं गिऱ्हाईक शोधायला कुठे जाणार?

दादाने पायाचं बोट वापरून बघायला सुचवलं. तो गंभीरपणे म्हणत होता. मला हसू आलं, वहिनीला आलं नाही.

पाचव्या दिवशी खुर्चीवाल्यांच्या शेडमध्ये दहा मालक जमले. मी वहिनीबरोबर गेलो होतो. खुर्चीवाले बसूनच म्हणाले, "हे बघा, एका बोटाचं प्रकरण आहे, ते एका बोटावरच मिटायला हवं. तपासनीस एका कारखान्यासाठी येणार. बाकीच्यांचा विषय तिथे निघायचं कारण नाही."

वहिनी म्हणाली, "काकांचं बोट यंत्रावर उमटणार नाही. मग ते विचारणार, आजवर कुणाचं उमटत होतं. मी खरं काय ते सांगणार आहे."

"काकांचं सांगाल, ठीक आहे. पुढे विचारतील, आणखी कुणाकुणाचं? मग?" कुणीतरी मागून म्हणालं. "आमच्या घरी माणसं आहेत, बाई. एकासाठी नऊ जण बुडवणार का?"

वहिनीने बँडेजचं बोट दुसऱ्या हातात धरलं. काका कोपऱ्यात उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले होते. निघताना ते तिच्याजवळ आले आणि बँडेजकडे बघून म्हणाले, "ओलं करू नका."

आठव्या दिवशी तपासनीस आल्या. चाळिशीच्या बाई, हातात टॅबलेट, पायात गमबूट. मी तिथे नव्हतो. जे झालं ते वहिनीने त्याच दुपारी माझ्या दुकानात येऊन सांगितलं. सांगताना ती उभीच होती.

तपासनीसबाईंनी टाकी बघितली, नमुना घेतला, पाणी चांगलं आहे म्हणाल्या. मग काकांना बोट ठेवायला सांगितलं. 'पुन्हा प्रयत्न करा.' त्यांनी काकांचा हात उलटा करून उजेडात धरला. सगळी बोटं बघितली. मग विचारलं, "ही बोटं यंत्राने कधीच वाचली नसणार. दोन वर्षं इथे कुणी बोट ठेवलं?"

"आणि मी तोंड उघडलं होतं, भावजी. शब्द ओठांवर होता. तेवढ्यात काका म्हणाले, 'माझ्या मेव्हण्याचं. तो असायचा इथे. आता दुसऱ्या गावी गेला.'"

"काकांना मेव्हणा आहे?"

"नाही. त्यांची बायको एकुलती होती." ती म्हणाली. "त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. बोलू नका म्हणून. मी पाठीमागे हात घेऊन उभी होते. बाईंनी त्यांचं म्हणणं लिहून घेतलं, त्यांच्याकडून कागदावर सही घेतली. आणि मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं. मला भीती वाटली असती तर मी समजून घेतलं असतं, पण मला बरं वाटलं. तेच आता लागतंय."

मी तिला स्टूल दिलं. ती बसली नाही.

त्या संध्याकाळी साखळीवर काकांच्या नावापुढे ओळ उमटली: मालकाने परक्या व्यक्तीच्या बोटाने नोंदी केल्या, कारखाना वगळला. जगात जितक्या वह्या असतील तितक्या वह्यांत. बांधलेल्या मालावरचा कोड खरेदीदाराने तपासला की त्याला लाल खूण दिसणार. गल्लीत सगळ्यात आधी टाकी बांधणारा माणूस आता लेखी स्वरूपात गल्लीतला एकमेव लबाड होता. उरलेले नऊ जण मूग गिळून बसले. मला त्यांचा संताप आला, पण तो फुकटचा संताप होता. माझं काहीच पणाला लागलेलं नव्हतं.

वहिनीने दुसऱ्या दिवशी नऊ कारखान्यांत नऊ बोटं टेकवली. तिसऱ्या दिवशीही टेकवली. त्या दिवशी दुपारी ती जेवायला बसली, पहिला घास घेतला, ताट सरकवलं आणि उठून तपासनिसांच्या कार्यालयात गेली. दादाला वाटलं, जेवण बिघडलं.

कार्यालयात तिने सगळं सांगितलं. पहिल्या बोटापासून. कपाटाच्या दाराची यादीही सोबत नेली होती. तपासनीसबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "हे परवा त्यांच्या शेडमध्ये सांगितलं असतंत तर बरं झालं असतं." वहिनीला तेव्हा वाटलं, की हे ओरडणं आहे. त्या बाई प्रत्यक्षात नियम सांगत होत्या, हे तिला महिन्याभराने कळलं.

महिनाभर गल्लीत चौकशी चालली. दहाही टाक्या तपासल्या, दोन वर्षांचे बाटल्यांतले नमुने मीटरच्या आकड्यांशी ताडले. एकही आकडा खोटा निघाला नाही. याचं श्रेय वहिनीच्या कडकपणाला आहे आणि तपासणी पथकातल्या एका माणसाने ते तिला तोंडावर सांगितलंही. निकाल आला तो असा: ठसे दुसऱ्याचे आहेत, पण ते सहायकाने चढवले, मालकांनी नव्हे. सबब दोष सहायकाचा. सहायकाला कामावरून काढावं आणि या कामात पुन्हा घेऊ नये. नऊ कारखाने साखळीवर परत. आणि बोटांऐवजी मालकांना आता लहानशी चावी मिळणार, यंत्राला टेकवायची. दोन वर्षं ती का दिली नव्हती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

निकालात नऊच कारखाने होते. वहिनीने दोनदा मोजले.

काकांचं वेगळं होतं. ठशाचा दोष त्यांच्यावरूनही निघाला होता. पण त्यांनी तपासणीत, सहीनिशी, खोटं निवेदन केलं होतं. दहा जणांत खोटं बोललेला मालक एकच: जो बाकीच्या नऊ जणांसाठी बोलला तो. जे गप्प राहिले त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, म्हणून ते स्वच्छ. खोट्या निवेदनाची शिक्षा दोन वर्षं बंदी. वहिनी त्या सकाळी, त्याच शेडमध्ये, काकांच्या आधी बोलली असती, तर काकाही इतरांसारखे परत आले असते. दोन दिवसांनी बोलल्यामुळे सगळे वाचले, तेवढे काका सोडून.

नऊ मालकांनी आधी महिनाभर वहिनीला पाण्यात पाहिलं, निकाल आल्यावर मिठाईचा खोका आणून दिला. तिने तो दारातूनच परत केला. दादाला वाईट वाटलं.

मग ती पुन्हा कार्यालयात गेली, भांडायला. तपासनीसबाई म्हणाल्या, "एक वाट आहे. कुणाच्या सांगण्यावरून किंवा दबावाखाली खोटं निवेदन केलं असं त्यांनी लिहून दिलं, तर बंदी उठवता येते. ओळ पुसली जाणार नाही, पण खाली दुसरी ओळ येईल आणि खूण हिरवी होईल." आणि कोरा कागद त्यांनीच पुढे सरकवला. मला त्या बाईंबद्दल तेव्हापासून आदर आहे.

अर्ज वहिनीने लिहिला. मला वाचून दाखवला. 'सहायक बाईंनी मला मेव्हण्याचं नाव सांगायला भाग पाडलं. मी वयस्क असून त्यांच्या सांगण्याला घाबरलो.' मी म्हटलं, "वहिनी, हे तर साफ खोटं आहे."

"माझी नोकरी गेली, नाव गेलं. आता माझं आणखी काय जायचंय?" ती म्हणाली. "त्यांची सही तेवढी हवी. चला तुम्ही, साक्षीदार लागतो."

आम्ही सकाळी काकांकडे गेलो. हौद रिकामे होते, घासून पालथ्या घातलेल्या बादल्यांशेजारी ब्रश ठेवला होता. रिकाम्या हौदाच्या आतल्या भिंतीही निळ्या असतात, हे मला माहीत नव्हतं. काकांनी चष्मा शोधला, काचा सदऱ्याने पुसल्या आणि अर्ज उजेडात धरून सगळा वाचला. हळूहळू वाचतात ते. आम्ही उभे होतो.

"यात लिहिलंय, तुम्ही मला खोटं बोलायला सांगितलंत," ते म्हणाले.

"हो."

"कधी सांगितलंत?"

"नाही सांगितलं, काका. पण असं लिहिलं की तुमची खूण हिरवी होते. माल जाईल तुमचा. मी त्या बाईंशी बोलून आलेय."

"आणि हे पण त्या साखळीत चढणार?"

"चढणार."

"कायमचं?"

"काका, माझा विचार करू नका. मी बोलायला उशीर केला, ही माझी चूक. ती मला भरू द्या. सही करा."

काकांनी अर्जाची घडी केली. होती त्याच घडीवरून, नीट. "बाई, मी त्या दिवशी खोटं बोललो ते माझ्या मनाने बोललो. पोरांचे नऊ संसार होते. ते वाचले. झालं." त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. "आता स्वतःसाठी बोलायचं म्हटलं तर तोंडातून निघणार नाही."

"लिहायचं फक्त आहे," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "बोलायचं कुठे आहे? सही करायची फक्त."

"तेच ते."

तिने कागद घेतला नाही. मग मी पुढे होऊन घेतला, कारण काकांचा हात तसाच पुढे धरलेला होता. ते म्हणाले, की सोमवारपासून ते खुर्चीवाल्यांच्या शेडमध्ये कामाला जाणार आहेत. तिथे निळा कुणाला जमत नाही, आणि खरेदीदाराला निळा हवाच आहे. माल खुर्चीवाल्यांच्या नावाने, हिरव्या खुणेने जाईल. हे सगळं त्यांनी कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं सांगितलं.

"एक विचारायचं होतं," ते वहिनीला म्हणाले. "तुम्ही आता फिरणार नाही गल्लीत. टाकी न उपसता चावी लावली तर कळेल का हो त्या यंत्राला?"

वहिनीने खरं तेच सांगितलं. "नाही कळणार."

"मग मलाच बघावं लागेल," काका म्हणाले, आणि ब्रश उचलून शेवटचा हौद घासायला वाकले.

आम्ही गल्लीतून बाहेर पडलो. बाकीच्या सगळ्या शेडमधून कामाचे आवाज येत होते. दोघा-तिघांनी वहिनीला हात केला, तिने बघितलं नाही. कोपऱ्यावर आल्यावर ती थांबली, भिंतीला हात टेकला आणि रडायला लागली. भर रस्त्यात, तोंड न झाकता. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं आणि अशा वेळी दिराने काय करायचं असतं ते मला माहीत नाही. मी तो अर्ज खिशात घातला आणि तिचं रडणं थांबेपर्यंत तिच्याजवळ उभा राहिलो.